फ्रेमच्या पोटातलं तेल

जुनी मोटरसायकल नव्यानं उभी करायची म्हटलं की बोलणं लगेच रंगावर जातं. टाकीवरचा पट्टा किती रुंद होता, फ्रेमचा काळा तुकतुकीत होता की मंद, स्टिकर कुठे मिळतील. यामाहाची एक्सटी-५०० हाताशी आली असेल तर हा क्रम पार उलटा करावा लागतो. या गाडीची फ्रेम इंजिनाचा भार पेलते आणि इंजिनाचं तेलही तिच्याच नळ्यांमध्ये साठवलेलं असतं. हँडलखालून पुढे उतरणारी जाड नळी आणि पेट्रोलच्या टाकीखालून मागे जाणारा कणा मिळून तेलाची टाकी होते. बाहेरचा रंग कितीही सुंदर उतरला तरी ब्लास्टिंगची, म्हणजे रंग उडवायला फवारलेल्या कणांची, खर आत राहिली, तर ती तेलाबरोबर इंजिनाकडे निघते. रंग हा या कामातला सगळ्यात दिसणारा भाग आहे आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा.

गाडी आधी ओळखून घेऊ. एक्सटी-५०० हे १९७६ चं मॉडेल. त्याआधी कच्च्या रस्त्यांवर यामाहाचं नाव झालं ते टू-स्ट्रोक गाड्यांमुळे. १९६८ ची २४६ सीसीची डीटी-१ ही त्यातली पहिली मोठी. तरीही अमेरिकेतल्या वाळवंटात गाड्या पळवणाऱ्यांना जुन्या ब्रिटिश फोर-स्ट्रोक सिंगलची ओढ होती. खालच्या वेगातही जोर देणारं, सावकाश धडधडणारं एकच मोठं सिलिंडर त्यांना हवं होतं, फक्त तेल न गळणारं. यामाहानं ते दिलं. ४९९ सीसी, सिलिंडरचा व्यास ८७ मिमी, स्ट्रोक ८४ मिमी, दोन व्हॉल्व्ह, हेडमध्ये एक कॅमशाफ्ट. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. बटण स्टार्टची सोय नाही. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन नेमक्या जागी आणायचा आणि मग एकदाच, मन लावून किक मारायची.

२६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली पॅरिस-डाकार शर्यत निघाली आणि १४ जानेवारी १९७९ ला सेनेगलच्या डाकारला संपली. १८२ वाहनं निघाली होती, पोचली ७४. त्या वर्षी मोटारी आणि मोटरसायकली एकाच यादीत मोजल्या गेल्या, आणि यादीत सगळ्यात वर होता सिरिल नेव्यू हा फ्रेंच तरुण, एक्सटी-५०० वर. पुढच्या वर्षी मोटरसायकलींमध्ये तोच पुन्हा जिंकला. सहारा ओलांडणारी गाडी म्हणून एक्सटीचं युरोपात जे नाव झालं, ते अजून आहे.

मोटोक्रॉसच्या मंडळींचं मत मात्र वेगळं होतं. टॉर्स्टन हालमन आणि स्टेन लुंडिन हे दोघेही स्वीडनचे माजी विश्वविजेते. त्यांना यामाहाचं इंजिन आवडलं, फ्रेम जड वाटली. त्यांनी इंजिन उचललं, हुस्क्वार्नाच्या धाटणीच्या हलक्या फ्रेममध्ये बसवलं आणि गाडीला एचएल-५०० म्हटलं. १९७७ मध्ये बेंग्ट ओबेरीनं तिच्यावर लक्झेंबर्गच्या ग्रांप्रीतली एक फेरी जिंकली, तीही टू-स्ट्रोकचं राज्य असताना. म्हणजे मूळ फ्रेम काही मोटोक्रॉसचं शस्त्र नव्हती. ती दणकट होती, दुरुस्त करता येण्यासारखी होती, आणि तिच्या पोटात तेल होतं.

तेल फ्रेममध्ये ठेवण्याची कल्पना यामाहाची नव्हे. १९४६ च्या व्हिन्सेंटमध्ये वरचा कणा हीच तेलाची टाकी होती. इंग्लंडच्या न्यू मिल्टन गावातल्या डेरेक आणि डॉन रिकमन या भावांनी आपल्या मेटिस फ्रेमच्या नळ्यांमधून तेल फिरवलं. १९७१ मध्ये बीएसए आणि ट्रायम्फनंही जाड कण्यात तेल भरलं. कारण साधं आहे. इंजिनाच्या खालच्या पेटीत तेल साठवायचं नसेल तर ती पेटी उथळ होते आणि इंजिन दगडांपासून वर राहतं. वेगळी टाकी टांगावी लागत नाही. शिवाय पुढची नळी वाऱ्यासमोर असल्यानं तेल थोडं निवतंही. एक्सटीमध्ये तेल ओतायचं झाकण हँडलच्या मागे, पेट्रोलच्या टाकीच्या पुढे असतं, आणि पुढच्या नळीच्या तळाशी एक जाळी असते. ही जाळी लक्षात ठेवा.

गाडी खोलताना फोटो काढा, हे सगळेच सांगतात आणि बरोबर सांगतात. वायरी कुठून कशा वळल्या, केबल हँडलच्या कोणत्या बाजूनं गेली, हे महिन्याभरानं कुणालाच आठवत नाही. मी त्यात एवढंच घालेन की नटबोल्ट फेकू नका. गंजलेला मूळ बोल्टही लांबी, पीच आणि डोक्यावरच्या खुणा सांगतो. बाजारातला चकचकीत स्टेनलेस बोल्ट दिसायला छान, पण इंजिन धरून ठेवणाऱ्या जागी मूळ बोल्टाची ताकद त्यात असेलच असं नाही. जुने बोल्ट साफ करून त्यांवर पुन्हा झिंक चढवता येतं. त्यातही एक पथ्य आहे: उच्च ताकदीच्या पोलादावर आम्लातून काढून झिंक चढवताना त्यात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो. प्लेटिंगनंतर लगेच काही तास सुमारे १९० अंश सेल्सिअसला भाजलं की तो बाहेर पडतो. प्लेटिंगवाल्याला हे आधी विचारून घ्यावं.

फ्रेम मोकळी झाली की तिचा नंबर शोधा, फोटो काढा, कागदपत्रांशी ताडून पाहा. इथून पुढे त्या जागेवर ना जोरदार ब्लास्टिंग, ना लांबी, ना रंगाचे जाड थर. नंबर बुजलेली फ्रेम कायद्याच्या नजरेत संशयितच, मग ती कितीही प्रामाणिकपणे विकत घेतलेली असो.

आता आतली सफाई. ही रंग काढण्याच्या आधी करायची. चाळीस-पन्नास वर्षांचं तेल नळीच्या भिंतींवर काळ्या, चिकट थरासारखं बसलेलं असतं. तळाशी त्याचा घट्ट गाळ होतो. रॉकेलनं एकदा विसळून हा गाळ निघत नाही. फ्रेम भिजत ठेवावी लागते, उलटीपालटी करावी लागते, दाबाच्या हवेनं फुंकावी लागते, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा. कारखान्यातल्या गरम कॉस्टिकच्या टाकीत फ्रेम बुडवून मिळाली तर उत्तम, कारण कॉस्टिक पोलादाला धक्का न लावता तेल कापतं. अॅल्युमिनियमला मात्र ते खातं, म्हणून त्या धातूचा एकही तुकडा फ्रेमला लागलेला नको. नंतर भरपूर पाण्यानं धुऊन लगेच गरम हवेनं वाळवायचं. हल्ली वायरच्या टोकावर बारीक कॅमेरा बसवलेले बोअरस्कोप स्वस्तात मिळतात. भोकातून तो आत सोडला की नळी खरंच स्वच्छ झाली की नुसती ओली आहे, ते डोळ्यांनी दिसतं.

एवढा आटापिटा आधीच का? पावडर कोटिंगच्या भट्टीसाठी. रंगाची पावडर पक्की होण्यासाठी धातू १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं राहावा लागतो. आत तेल शिल्लक असेल तर त्या उष्णतेनं ते पातळ होतं, त्याची वाफ सांध्यांतल्या बारीक फटींतून बाहेर येते आणि कोटिंगवर फोड आणि खड्डे उठवते. घट्ट बसलेला गाळही त्याच तापानं सुटून खपल्यांसारखा होतो. कारागीर म्हणतो पावडर खराब होती. पावडरवाला म्हणतो ब्लास्टिंग नीट नव्हतं. खरा दोष नळीत असतो.

रंग उतरवायला ब्लास्टिंगसारखं दुसरं साधन नाही. पण त्याआधी तेलाची प्रत्येक वाट बंद झाली पाहिजे: ओतायचं तोंड, तळाची जाळी बसते ते भोक, पंपाकडे जाणारी आणि परत येणारी नळी. कापडाचा बोळा चालत नाही, खर त्यातून आत जाते. आटे असतील तिथे बोल्ट घट्ट बसवावा, नसतील तिथे सिलिकॉनचं बूच. कोनसेटचे, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचे, कप बसतात त्या जागा आणि मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पिनचं भोकही झाकायचं. तिथला माप बिघडलेला पृष्ठभाग परत मिळत नाही.

ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू नये, आणि वापरणाऱ्याकडे काम देऊ नये. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ब्रिटननं १९४९ च्या नियमांनीच ओतीव कामाच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूला बंदी घातली. गार्नेट किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड थोडं महाग पडतं, पण कुणा कामगाराचा श्वास पणाला लावण्याइतकी कोणतीही गाडी मोलाची नाही.

रंग उतरला की फ्रेम तिची हकिगत सांगू लागते, आणि मला या कामातला हा टप्पा सर्वांत आवडतो. काळ्या रंगाखाली कुणीतरी मारलेला लाल सापडतो. गुळगुळीत वाटलेल्या नळीवरून लांबी निघते आणि खाली खोक दिसते. फुटरेस्टच्या पट्ट्या एका बाजूला वाकलेल्या असतात, म्हणजे गाडी त्या कुशीवर अनेकदा पडली. कुठे तरी पितळी रंगाचा जोड दिसतो, तो मागच्या मालकाच्या वेल्डरचा. हे सगळं वाचून, टिपून घ्यावं. लगेच प्रायमर मारण्याची घाई करणारा कारागीर हा पुरावा पुन्हा पुरून टाकतो.

तडे शोधायचे ते याच वेळी. कच्च्या रस्त्यावर धावलेल्या फ्रेमला ते ठराविक जागी जातात: हँडलच्या नळीभोवतीच्या पत्र्याच्या कडा, इंजिनाचे खालचे कान, फुटरेस्टची मुळं, चिमट्याच्या पिनजवळचे सांधे, मागच्या शॉकअपचे वरचे टेकू. डोळ्यांवर विसंबू नये. डाय पेनेट्रंट नावाचं लाल द्रव स्प्रेच्या डब्यात मिळतं. ते स्वच्छ धातूवर मारून थोडा वेळ मुरू द्यायचं, वरवरचं पुसून टाकायचं आणि पांढरी डेव्हलपर पावडर फवारायची. तड्यात शिरलेलं लाल द्रव पांढऱ्यावर रेष होऊन वर येतं. ती रेष जिथे संपते त्या टोकाला छोटं भोक पाडून तडा थांबवायचा, मग खाच करून टिग वेल्डिंगनं भरायचा. एक्सटीसारख्या फ्रेममध्ये वेल्डिंगआधी नळीतलं तेल आणि त्याची वाफ पूर्ण गेलेली असणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे. बंद नळीतली तेलाची वाफ पेट घेऊ शकते.

पोलाद कोणतं आहे हेही वेल्डरला सांगावं लागतं. रिकमनच्या मेटिस फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या नळ्यांच्या असत आणि कमी तापमानाच्या ब्राँझ वेल्डिंगनं जोडलेल्या असत, कारण जास्त तापवली की त्या नळीची ताकद उतरते. वरून निकेलची झळाळी दिलेली असे. अशी फ्रेम सापडली तर तिला सामान्य वेल्डरच्या हाती देणं म्हणजे तिची किंमत आणि ताकद दोन्ही गमावणं.

वेल्डिंग झालं की तेलाच्या नळ्यांची गळती तपासा. सगळी तोंडं बंद करून एका वाटेनं अगदी हलक्या दाबाची हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला तर तिथून उद्या तेल येणार. रंगानंतर सापडलेली गळती म्हणजे रंग पुन्हा उतरवणं. मग फ्रेम सरळ आहे का ते पाहायचं: हँडलची नळी आणि मागची चौकट एका पातळीत आहेत का, दोन्ही चाकं बसवून ताणलेला दोरा दोन्हींना सारखा भिडतो का. वाकलेली फ्रेम रंगवून सरळ होत नाही.

एवढं झाल्यावर रंग. ब्लास्ट केलेलं पोलाद अतिशय अधीर असतं. पावसाळ्यातल्या पुण्यात किंवा कोकणात ते संध्याकाळपर्यंत तांबूस दिसू लागतं; उघड्या हाताचा ठसाही उद्या गंजाच्या रूपानं उगवतो. रंगकामाच्या धंद्यात एक नियम पाळतात: धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर हवं, नाही तर न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. म्हणून ब्लास्टिंग आणि प्रायमर एकाच दिवशी, शक्य तर एकाच छपराखाली.

पावडर की पेंट, हा वाद जुन्या गाड्यांच्या प्रत्येक बैठकीत रंगतो. पावडर कोटिंग आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचं आहे. भोसरीपासून अंबडपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत कपाटं, खिडक्यांच्या जाळ्या, गाड्यांचे भाग असेच रंगतात. विजेचा भार दिलेली पावडर धातूला चिकटते आणि भट्टीत वितळून सलग कातडी होते. दगड लागला तरी ती सहज उडत नाही. पण तिच्या तीन खोडी आहेत. दोन नळ्यांच्या काटकोनात, पत्र्याच्या पाकिटासारख्या कोपऱ्यात विजेचं क्षेत्र शिरत नाही, म्हणून पावडरही पोचत नाही. हँडलच्या नळीमागचा कोपरा हमखास उपाशी राहतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुसरं, एकदा टवका उडाला की ओलावा कातडीखाली सरकत जातो आणि एके दिवशी हातभर पापुद्रा निघतो. ब्रशनं डागडुजी होत नाही. तिसरं, थर जाड असतो. इंजिनाच्या कानांवर आणि बोल्टाखाली तो राहिला तर कालांतरानं दबतो आणि बोल्ट सैल पडतो. त्या जागा भट्टीआधी उष्णता सोसणाऱ्या टेपनं झाकल्याच पाहिजेत. वायरिंगची अर्थिंग जिथे फ्रेमला जोडतात ती जागाही. सहा व्होल्टच्या या गाडीत अर्थ कच्ची असेल तर दिवा मेणबत्तीइतकाच लागतो.

दुसरा मार्ग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर टू-के, म्हणजे दोन घटकांचं, पॉलियुरेथेन. यातलं हार्डनर आयसोसायनेटचं असतं आणि त्यानं कायमचा दमा जडू शकतो, म्हणून साधा कापडी किंवा कोळशाचा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा देणारा मास्क लागतो. घरच्या गॅरेजात हे करू नये. पण बंदिस्त बूथ असलेल्या पेंटरकडे केलं तर रंग पातळ बसतो, कोपऱ्यात शिरतो, खरचटला तर ब्रशनं भरता येतो. माझा कौल एक्सटीसाठी पेंटच्या बाजूनं आहे, याच कारणासाठी. ही गाडी पडणार, घासणार आणि पुन्हा दुरुस्त होणार. रोज चिखलात नेणाऱ्यानं झिंकयुक्त प्रायमरवर पावडर घेतली तर मी वाद घालणार नाही. कारखान्यातून आलेला काळा आरशासारखा कधीच नव्हता, एवढं मात्र ध्यानात असावं. मूळ छटा पाहायची असेल तर टाकीखाली, रबराच्या बुशांमागे, जिथे ऊन पोचलं नाही तिथे ती अजून सापडते.

एक्सटी-५०० भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. आपल्याकडे ज्यांच्या हाताखाली येझदी किंवा राजदूत आहे, त्यांची फ्रेम तेल वाहत नाही, त्यांचा आतल्या सफाईचा सगळा खटाटोप वाचतो. नंबर, तडे, मास्किंग, अर्थिंग यांत मात्र काहीच सुटत नाही.

एक्सटीचं उत्पादन १९८९ पर्यंत चाललं. तिच्याच घराण्यातली एसआर-४०० जपानमध्ये २०२१ पर्यंत बनत राहिली, आणि तिच्याही फ्रेममध्ये तेल असतं. हॅम्बुर्गची केडो ही कंपनी या घराण्याच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणून पन्नाशीला आलेली ही गाडी अजून उभी करता येते.

रंगवलेली फ्रेम आली की बुचं काढायची आणि आतून पुन्हा धुवायची, कितीही काळजी घेतलेली असली तरी. पांढऱ्या कापडावर बाहेर येणारं रॉकेल ओतून पाहायचं. त्यात चमकणारा एक कण दिसला तरी आणखी एकदा. मग जोडणी. तेल भरल्यावर लगेच इंजिन चालू करायचं नाही. स्पार्क प्लग काढून किक मारत राहायचं, हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट जरासा सैल करायचा आणि तिथे तेल पाझरलं की आवळायचा. कॅम आणि रॉकर कोरडे फिरले तर पहिल्या मिनिटातच खरचटतात.

पहिलं तेल स्वस्तातलं भरावं आणि थोडं चालवून, गरम असतानाच काढून टाकावं. तेव्हा पुढच्या नळीच्या तळाची ती जाळी खोलावी, उजेडात धरून पाहावी आणि फिल्टरही बदलावा. जाळीवर खर दिसली तर तेल पुन्हा बदलायचं, पुन्हा थोडं चालवायचं, पुन्हा जाळी पाहायची. ती स्वच्छ निघाली की मगच चांगलं तेल. त्याची पातळी इंजिन चालवून गरम झाल्यावर तपासावी, कारण उभ्या गाडीत तेल हळूहळू फ्रेममधून इंजिनात उतरतं. थंड गाडीत तेल मोजायची काठी कोरडी दिसते म्हणून वरून आणखी ओतलं, तर इंजिन चालू झाल्यावर जास्तीचं तेल इंजिनाच्या ब्रीदर नळीतून बाहेर फेकलं जातं, नव्या रंगावरच.